दुर्मिळ सायकॅडची खरेदी : नावाची खात्री कशी करावी?

शोभिवंत झाडांच्या रोपवाटिकेचा व्यवसाय आता मोठ्या शहरांच्या आसपासच राहिलेला नाही. तालुक्याच्या ठिकाणी, महामार्गाच्या कडेला आणि खेडेगावातही चांगल्या रोपवाटिका उभ्या राहिल्या आहेत. बंगल्यांची अंगणे, हॉटेले, कारखान्यांची आवारे यांतून सायकसला कायम मागणी असते. साध्या सायकसमध्ये जम बसला की अनेक बागायतदार बंधू दुर्मिळ जातींकडे वळतात. 'निळा सायकस', 'आफ्रिकन सायकस', 'जगात मोजकीच उरलेली जात' अशी वर्णने करून रोपे व बिया विकायला येतात आणि त्यांची किंमत साध्या रोपाच्या अनेक पट सांगितली जाते.

अडचण अशी की, ही जादा किंमत आपण झाडाची नव्हे, तर त्याच्या नावाची देत असतो. आणि ते नाव बहुधा एका चिठ्ठीवर लिहिलेले असते. ज्वारीचे बियाणे भेसळीचे निघाले तर एका हंगामात कळते. आंब्याचे कलम चुकीच्या जातीचे निघाले तर चार-पाच वर्षांत पहिल्या फळावरून कळते. झॅमियासारखे अपवाद सोडले, तर सायकॅडला बियांपासून पहिला शंकू येण्यास जातीनुसार आठ-दहा वर्षे, काही वेळा वीस वर्षेही लागतात. तोपर्यंत विकणारा कुठे असेल हे सांगता येत नाही आणि त्या झाडाची पिल्ले आपण चुकीच्या नावाने विकलेली असतात. म्हणून ओळख पटविण्याचे काम पैसे देण्यापूर्वीच करावे लागते. ते कसे करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

सायकॅड म्हणजे काय?

बाजारात या गटातील प्रत्येक झाडाला सरसकट 'सायकस' म्हणतात. वनस्पतिशास्त्रात मात्र सायकस ही या गटातील केवळ एक प्रजाती आहे. संपूर्ण गटाला सायकॅड म्हणतात. त्यात आज १० प्रजाती व साडेतीनशेहून अधिक जाती मानल्या जातात. या लेखात 'सायकॅड' हा शब्द गटासाठी व 'सायकस' हा त्या एका प्रजातीसाठी वापरला आहे.

सायकॅड दिसायला ताडासारखे असले तरी ते ताड नव्हे. त्याला फूल व फळ येत नाही, शंकू येतात आणि बी उघडे असते. त्यामुळे 'सागो पाम' हे व्यापारी नाव दोन्ही अर्थांनी फसवे आहे. ते पाम नाही, आणि खरा साबुदाण्याचा ताड ही मेट्रोझायलॉन नावाची वेगळीच वनस्पती आहे. नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. शंकू येईपर्यंत रोप नर की मादी हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. म्हणून 'नर-मादीची जोडी' म्हणून बियांची लहान रोपे कोणी देऊ लागला, तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नये.

पहिली पायरी : प्रजाती ओळखा

जात ओळखणे अवघड असते, परंतु प्रजाती ओळखणे शेतावरही जमते. त्यासाठी पूर्ण वाढलेले एक पान घ्यावे. त्याच्या मधल्या भागातील एक पर्णिका काढून उजेडाकडे धरावी आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) सायकस : पर्णिकेच्या मधोमध एकच ठळक शीर असते. तिला बाजूच्या शिरा नसतात. नवीन पाने फुटताना कोवळ्या पर्णिका घड्याळाच्या कमानीसारख्या आत गुंडाळलेल्या असतात.

२) एन्सेफॅलार्टोस (आफ्रिका) : मधली शीर नसते, अनेक बारीक शिरा समांतर धावतात. बहुतेक जातींत पर्णिका कडक असून कडेला किंवा टोकाला काटे असतात. कित्येक जातींत देठाकडील पर्णिका लहान होत होत काट्यांसारख्या बनतात.

३) झॅमिया (अमेरिका खंड) : शिरा समांतर, पर्णिका देठाशी सांध्याने जोडलेली असते व जुनी झाल्यावर सांध्यातून गळून व्रण ठेवते. 'कार्डबोर्ड पाम' या नावाने विकले जाणारे झॅमिया फरफ्युरेशिया हे यातलेच. त्याच्या पर्णिका जाड व लवदार असतात.

४) सेराटोझॅमिया (मेक्सिको व मध्य अमेरिका) : पर्णिका झॅमियासारख्याच सांध्याच्या, परंतु शंकूच्या प्रत्येक खवल्यावर दोन शिंगे असतात. शंकू असल्यास चूक होण्याचे कारण नाही.

५) डायून (मेक्सिको व मध्य अमेरिका) : शिरा समांतर, पर्णिकेला सांधा नसतो, ती रुंद बुडाने पानाच्या दांड्याला चिकटलेली असते. मादी शंकू मोठा व लोकरी असतो.

६) मॅक्रोझॅमिया (ऑस्ट्रेलिया) : पर्णिकेच्या बुडाशी पांढरट, पिवळसर किंवा तांबूस रंगाचा गाठीसारखा भाग बहुधा दिसतो.

७) स्टँजेरिया (दक्षिण आफ्रिका) : पर्णिकेला मधली शीर असते आणि तिला बाजूच्या शिराही असतात. पान इतके नेच्यासारखे दिसते की, सुरुवातीला वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्याचे वर्णन नेचा म्हणूनच केले होते.

बोवेनिया, लेपिडोझॅमिया व मायक्रोसायकस या उरलेल्या तीन प्रजाती आपल्याकडे क्वचितच विक्रीस येतात. यांपैकी बोवेनियाचे पान दोनदा विभागलेले असल्याने ते सहज वेगळे ओळखू येते.

एवढी एक परीक्षा केली तरी ढोबळ फसवणूक टळते. 'आफ्रिकन एन्सेफॅलार्टोस' म्हणून दिलेल्या रोपाच्या पर्णिकेत एकच मधली शीर दिसली, तर पुढे काही विचारण्याचे कारण उरत नाही.

दुसरी पायरी : जात ओळखताना पानावर विसंबू नका

ओळख पटविण्यासाठी येणाऱ्या बहुतेकांच्या हातात एकच पान असते. केवळ पानावरून जात सांगणे धोक्याचे आहे, कारण सावलीत वाढलेल्या झाडाची पाने लांब व मऊ आणि पर्णिका रुंद होतात, तर त्याच जातीचे झाड उन्हात ठेवले की पाने आखूड व ताठ येतात. निळ्या रंगाचेही तसेच आहे. तो रंग पानावरील मेणाच्या थराचा असतो, उन्हात खुलतो, सावलीत फिका पडतो आणि हाताने घासला असता निघतो. शिवाय निळसर पानांच्या जाती एकापेक्षा अधिक आहेत. एन्सेफॅलार्टोस हॉरिडस, लेहमानी, ट्रायस्पिनोसस, प्रिन्सेप्स या सर्वांची पाने निळी-करडी असतात. त्यामुळे 'निळा आहे म्हणजे हॉरिडसच' हे म्हणणे टिकत नाही.

जातीचा खरा पुरावा शंकूत असतो. सायकस प्रजातीत मादी झाडाला बंद शंकू येत नाही, तर शेंड्यावर बीजपर्णांचा झुपका येतो. या बीजपर्णाच्या टोकाचा आकार ही जात ओळखण्याची सर्वांत उपयोगी खूण होय. आपल्याकडील तीन उदाहरणे पाहू.

सायकस रिव्होल्युटा : हाच आपल्या बाजारातील नेहमीचा सायकस. तो मूळचा दक्षिण जपानचा. पर्णिका अरुंद व टोकदार असून त्यांच्या कडा खालच्या बाजूस वळलेल्या असतात. बीजपर्ण दाट पिवळसर-तपकिरी लवीने झाकलेले व फणीच्या दातांसारखे खोल चिरलेले असते. बिया नारिंगी-लाल असतात.

सायकस सर्सिनॅलिस : ही आपल्या पश्चिम घाटाची जात. पर्णिका सपाट, लांब व चकचकीत असतात. बीजपर्णाचे टोक लांब निमुळते असून कडेला दात असतात. या नावाबाबत मोठा घोळ आहे. सपाट पर्णिकांच्या जवळजवळ प्रत्येक सायकसला जुन्या पुस्तकांत व बागांत 'सर्सिनॅलिस' म्हटले गेले. त्यात सायकस रम्फी व सायकस थौअर्सी या समुद्रकाठच्या परदेशी जातीही आल्या. फरक पाहायचा असल्यास पिकलेले बी आडवे कापावे. रम्फी व थौअर्सीच्या बियांत कवचाच्या आतल्या बाजूस स्पंजासारखा थर असतो. त्यामुळे या बिया समुद्रावर तरंगत दूर जातात. सर्सिनॅलिसमध्ये हा थर नसतो. याशिवाय केरळमधील सायकस अन्नाइकलेन्सिस ही जात २००६ मध्ये स्वतंत्र म्हणून नोंदली गेली. म्हणून जुन्या बागेतील जुनी पाटी हा पुरावा मानू नये.

सायकस बेडोमी : आंध्र प्रदेशातील तिरुमला-शेषाचलम डोंगरांतील ही दुर्मिळ जात. पर्णिका फारच अरुंद, साधारण तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या असतात व त्यांच्याही कडा वळलेल्या असतात. त्यामुळे लहानपणी ती रिव्होल्युटासारखी भासू शकते. मोठ्या मादी झाडात मात्र संशय राहत नाही. बेडोमीच्या बीजपर्णाच्या कडेला आखूड दात असतात, रिव्होल्युटासारखे खोल चिरलेले भाग नसतात.

रोप लहान असेल तर काय करावे?

दोन-चार पानांच्या रोपावरून सायकॅडची जात खात्रीने सांगणे तज्ज्ञालाही बहुधा शक्य नसते. अशा वेळी आपण रोप विकत घेत नसून त्याच्या जन्माची नोंद विकत घेत आहोत असे समजावे. नोंद नसेल तर त्या रोपाची किंमत साध्या रोपाएवढीच धरावी.

पिल्लापासूनचे रोप सर्वांत खात्रीचे असते. पिल्लू हे मातृवृक्षाचीच प्रत असते. जातही तीच आणि लिंगही तेच. शंकू आलेला मातृवृक्ष प्रत्यक्ष पाहून, त्याची ओळख पटवून, आपल्यासमोर काढलेले पिल्लू घ्यावे.

बियांच्या रोपात मादी झाड कोणते एवढे सांगून भागत नाही, परागकण कोणत्या झाडाचे होते हेही कळले पाहिजे. एन्सेफॅलार्टोसच्या जातींचा एकमेकींशी सहज संकर होतो. एकाच बागेत पाच-सहा जाती असतील आणि परागीभवन हाताने, नोंद ठेवून केले नसेल, तर त्या बियांवर शुद्ध जातीचे नाव लिहिता येत नाही. संकरित झाड वाईट असते असे नाही, पण ते संकरित म्हणूनच विकले व घेतले पाहिजे.

बी विकत घेताना आणखी एक काळजी घ्यावी. सायकस प्रजातीत परागीभवन झाले नाही तरी बी पूर्ण आकाराचे, रंगाने भरलेले होते, पण त्यात गर्भ नसतो आणि ते कधीच उगवत नाही. पाण्यात टाकून बुडणारे बी चांगले, ही नेहमीची परीक्षा रम्फी गटाला लागू पडत नाही, कारण त्यांचे चांगले बीसुद्धा तरंगते. म्हणून मोठ्या खरेदीपूर्वी त्या ढिगातील चार-सहा बिया कापून पाहाव्यात. मादी झाडाजवळ नर झाड होते का, हेही विचारावे.

वुडीचा दाखला

नावामागची हकिकत माहीत असणे किती उपयोगी पडते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे एन्सेफॅलार्टोस वुडी. दरबानच्या वनस्पती उद्यानाचे जॉन मेडली वुड यांना १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, न्गोये जंगलाच्या कडेला या झाडाचे एकच बेट सापडले. ते नर होते. त्याची पिल्ले व खोडे दरबानला आणि १८९९ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात गेली. शेवटचे खोड १९१६ मध्ये प्रिटोरियाला हलविण्यात आले. त्यानंतर रानात ही जात उरली नाही. मादी झाड आजपर्यंत सापडलेले नाही.

जगातील प्रत्येक खरा वुडी हा त्या एकाच नर झाडाच्या पिल्लापासून झालेला आहे. म्हणून 'वुडीचे शुद्ध बी', 'बियांपासून केलेला वुडी' किंवा 'वुडीची मादी' असे जे जे विक्रीला येईल, ते नाव न तपासताच खोटे समजावे. नताळेन्सिस जातीच्या मादीवर वुडीचे परागकण वापरून संकर केले गेले आहेत व ते वुडीसारखे दिसतात. पण ते वुडी नव्हेत. कोणतीही अतिदुर्मिळ जात घेण्यापूर्वी तिची अशी हकिकत आधी वाचून घ्यावी. पुष्कळदा झाड न पाहताच उत्तर मिळते.

रानातून उपटलेले झाड कसे ओळखावे?

नाव बरोबर असले तरी झाड चोरीचे असू शकते. पश्चिम घाटातील सर्सिनॅलिसची झाडे बागा सजविण्यासाठी उपटून नेली जातात. दक्षिण आफ्रिकेत तर रानातील झाडांच्या खोडात ओळखीसाठी मायक्रोचिप बसवावी लागते आणि चोर ती शोधून काढून टाकतात. २०१४ मध्ये केपटाऊनच्या कर्स्टनबॉश उद्यानातून लॅटिफ्रॉन्स या अतिदुर्मिळ जातीची वीसहून अधिक झाडे चोरीस गेली. पुढील खुणा दिसल्यास सावध व्हावे.

१) खोड मोठे, पण मुळे नावापुरती किंवा कुऱ्हाडीने तोडल्यासारखी, पाने सगळी छाटलेली.

२) खोडावर वणव्याचे काळे डाग, दगडफूल, साळिंदराने कुरतडल्याच्या खुणा, किंवा डोंगर उतारावर वाढल्याप्रमाणे वाकलेले बूड.

३) मुळांना चिकटलेली माती कुंडीतील मातीपेक्षा अगदी वेगळी, खडकाळ.

४) वयाचा हिशेब न जुळणे. बहुतेक सायकॅडचे खोड वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर वाढते. रोपवाटिका दहा वर्षांची आणि 'आम्हीच बियांपासून वाढविलेले' झाड मीटरभर खोडाचे, तर हे गणित बसत नाही.

कायदा काय सांगतो?

भारत १९७६ पासून साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे. एन्सेफॅलार्टोस व सेराटोझॅमिया या संपूर्ण प्रजाती, मायक्रोसायकस आणि आपला सायकस बेडोमी या कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत. त्यांच्या बियासुद्धा परवान्याशिवाय देशाच्या सीमेपलीकडून आणता येत नाहीत. रिव्होल्युटा व सर्सिनॅलिससह बाकीचे बहुतेक सायकॅड परिशिष्ट २ मध्ये आहेत. परदेशातून आलेल्या रोपांसोबत साइटिसची कागदपत्रे, आरोग्य प्रमाणपत्र व वनस्पती विलगीकरण खात्याची परवानगी असणे आवश्यक आहे. 'ओळखीच्या माणसाने सामानातून आणले' हे उत्तर पुरेसे नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने सायकस बेडोमीला विशेष संरक्षण मिळाले. ही जात रानातून उपटणे तर गुन्हा आहेच, पण परवान्याशिवाय तिची लागवड वा विक्रीही करता येत नाही. परवाना मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो. २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्याच्या अनुसूचींची फेरमांडणी झाली असून साइटिसच्या जातींसाठी स्वतंत्र अनुसूची ४ आली आहे. म्हणून व्यवहारापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. 'मला जात माहीत नव्हती' ही सबब व्यापार करणाऱ्याला शोभत नाही.

विक्रेत्याला काय विचारावे?

१) पूर्ण शास्त्रीय नाव काय? केवळ 'निळा', 'बुटका', 'थाई' अशी नावे चालणार नाहीत.

२) रोप बियांचे की पिल्लाचे? मातृवृक्ष कुठे आहे? तो पाहता येईल का?

३) बियांचे असल्यास परागकण कोणत्या झाडाचे? परागीभवन कोणी व केव्हा केले?

४) मातृवृक्षाच्या शंकूची छायाचित्रे आहेत का?

५) आयात असल्यास परवान्याची प्रत मिळेल का?

६) शास्त्रीय नाव व 'रोपवाटिकेत वाढविलेले' असा उल्लेख पावतीवर लिहून द्याल का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रामाणिक रोपवाटिकाधारक लिहून देतो, आणि जेथे खात्री नसेल तेथे तसेही लिहितो. जो तोंडी सर्व सांगतो पण पावतीवर फक्त 'शोभेचे झाड' लिहितो, त्याच्याकडून दुर्मिळ जात घेऊ नये.

ओळख पटविण्यासाठी नमुना कसा पाठवावा?

मोठ्या किमतीचा व्यवहार असेल तर तज्ज्ञांचे मत घ्यावे. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र व आघारकर संशोधन संस्था येथे वनस्पतींची ओळख पटवून दिली जाते. नमुना अपुरा असेल तर उत्तरही अपुरेच मिळते. म्हणून पुढीलप्रमाणे तयारी करावी.

पूर्ण वाढलेले एक पान देठाच्या बुडापासून कापावे. ते लांब असल्यास बूड, मध्य व शेंडा असे तीन भाग वर्तमानपत्रात दाबून वाळवावेत. पानाची एकूण लांबी, पर्णिकांची संख्या आणि मधल्या पर्णिकेची लांबी-रुंदी लिहावी. शंकू असल्यास त्याचे खवले किंवा तीन-चार बीजपर्णे व बिया जोडाव्यात. झाडाचे, खोडाचे व शंकूचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावे. झाड उन्हात आहे की सावलीत, कोणाकडून व कोणत्या नावाने मिळाले, हेही कळवावे.

डीएनए तपासणीबद्दल अलीकडे बरेच विचारले जाते. तिच्यावरून प्रजाती निश्चित होऊ शकते. परंतु अगदी जवळच्या जातींमध्ये फरक करणे नेहमीच्या तपासणीने अनेकदा जमत नाही. हरितलवकाच्या डीएनएवरून तर संकराचा एकच पालक कळतो. म्हणून शंकू व नोंदवही यांना ती पर्याय नाही.

बिया व पाने हाताळताना ती विषारी असतात हे विसरू नये. कापलेल्या बिया व छाटलेली पाने जनावरांपुढे किंवा कुत्र्यांच्या वाटेत टाकू नयेत.

स्वतःची नोंदवही ठेवा

जी नोंद आपण विक्रेत्याकडे मागतो, ती आपल्याकडेही असली पाहिजे. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. क्रमांकाची पत्र्याची पट्टी कुंडीला न बांधता झाडाजवळ पक्की करावी, कारण कुंड्या बदलतात. वहीत खरेदीची तारीख, विक्रेता, पावती, दिलेले नाव, काढलेली पिल्ले आणि पहिल्या शंकूची तारीख लिहावी. शंकू आला की ओळख पुन्हा तपासावी व नाव चुकीचे निघाले तर वहीत व पाटीवर लगेच दुरुस्त करावे. आपल्याकडून पिल्ले नेलेल्यांनाही तसे कळवावे.

थोडक्यात सांगायचे तर, पर्णिकेच्या शिरा पाहून प्रजाती ठरवावी, शंकू पाहून जात ठरवावी आणि रोप लहान असेल तर शंकू आलेला मातृवृक्ष व लेखी नोंद पाहिल्याशिवाय दुर्मिळ जातीचा भाव देऊ नये. रानातील झाडाच्या खुणा दिसल्या किंवा कागदपत्रे नसली, तर कितीही स्वस्त मिळाले तरी ते झाड घेऊ नये. नवीन बागायतदारांनी आधी साध्या रिव्होल्युटावर हात बसवावा, एक-दोन खात्रीचे मातृवृक्ष जोपासावेत आणि त्यांच्याच पिल्लांवर दुर्मिळ जातींचा संग्रह हळूहळू वाढवावा.